नेरूळचा डावरा बॅटर

डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे खिडकीतून दिसणाऱ्या घरात बसून बेसबॉल खेळायचा, तोही टीव्हीवर, हे आमच्या सोसायटीतल्या मुलांना अजून पटलेलं नाही. पण ‘एमएलबी द शो’ या गेममधला ‘रोड टू द शो’ हा प्रकार एकदा खेळून बघा. त्यात सगळा संघ सांभाळायचा नसतो. स्वतःचा एकच खेळाडू घडवायचा, त्याला खालच्या डबल-ए, ट्रिपल-ए या पायऱ्यांवरून मेजर लीगपर्यंत न्यायचं. मॅचमध्येही त्याचेच चेंडू आपल्या वाट्याला येतात, बाकीचा खेळ गेम झरझर पुढे नेतो. अमेरिकेतला 162 सामन्यांचा सीझन म्हणूनच नोकरी सांभाळून आटोक्यात येतो.

माझा पहिला खेळाडू बॅटरही होता आणि पिचरही, म्हणजे चेंडू फेकणाराही. मेजर लीगमधला शोहेई ओतानी हे दोन्ही करतो, 2022 च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरही तोच होता, मग आपणही करू, असं वाटलं. अष्टपैलूचं वेड आपल्याला क्रिकेटने लावलेलं. खेळाडूला मिळणारे कौशल्याचे गुण दोन्हीकडे वाटले गेले आणि स्वारी दोन्हीकडे कच्ची राहिली. दुसऱ्या वेळी फक्त बॅटर केला. जागा दिली आउटफिल्डची, कारण तिथे झेल घ्यायला वेळ मिळतो. शॉर्टस्टॉपला जमिनीवरून सणसणत आलेला चेंडू उचलून क्षणात फेकावा लागतो. कॅचरच्या वाटेला नवख्याने जाऊच नये.

आता महत्त्वाचं: त्याला डावरा करा. मेजर लीगमधले बहुतेक पिचर उजव्या हाताचे असतात आणि त्यांचा बाहेर वळणारा चेंडू डावऱ्या बॅटरच्या आत येतो, म्हणजे दिसायला सोपा. शिवाय डावरा पहिल्या बेसच्या दोन पावलं जवळ उभा असतो. गेममध्ये कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लावणं) आणि पॉवर (ताकद) हे गुण उजव्या व डाव्या पिचरसाठी वेगवेगळे मोजले जातात. म्हणून सुरुवातीला मिळालेलं सगळं ‘उजव्याविरुद्ध कॉन्टॅक्ट’मध्ये घाला, मग ‘व्हिजन’मध्ये. व्हिजन वाढलं की बॅट कुठे लागेल हे दाखवणारी पडद्यावरची खूण मोठी होते आणि थोडा चुकलेला फटकाही निदान बॅटला लागतो. पॉवर नंतर. होमरनचा मोह सगळ्यांनाच होतो, पण चेंडू बॅटला लागलाच नाही तर ताकद काय कामाची?

गुण कमवायची पद्धत दरवर्षीच्या आवृत्तीत थोडी बदलते. चांगलं खेळलात की मिळतात, एवढं कायम. चांगलं म्हणजे काय, इथे मात्र क्रिकेटची सवय आड येते. पिचर 60 फूट 6 इंचांवरून ताशी दीडशे किलोमीटरने फेकतो, टप्पा पडत नाही, आणि विचाराला अर्धा सेकंदही मिळत नाही. बॅटला लागून मागे गेलेला चेंडू फाउल. सोसायटीत आपण ‘मागे रन नाही’ म्हणून खेळायचो, तसंच. लेट कट विसरा. दहापैकी तीन वेळा हिट मिळाली की बॅटर थोर मानला जातो, तेव्हा दोनदा आउट झालात म्हणून बटणं आपटू नका.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चेंडू सोडणं. चार वाईट चेंडू सोडले की फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. टेस्टमध्ये ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकलेला माणूस इथे लवकर सुधारतो, टर्फवर आठ ओव्हरचं बॉक्स क्रिकेट खेळणारा उशिरा. मी स्वतःला एक नियम घातला आहे: पहिला चेंडू नुसता बघायचा. पिचरचा हात कुठून येतो, वेग किती, एवढंच टिपायचं. तीन स्ट्राइक झाले की आउट, त्यातला एक गेला तर गेला, अजून दोन शिल्लक असतात. कठीणपणाची पातळी ‘डायनॅमिक’ ठेवा, तुम्ही सुधाराल तशी ती आपोआप चढत जाते.

माझा डावरा आता ट्रिपल-एमध्ये आहे. उजव्या हाताच्या पिचरला बरा खेळतो. डावखुरा समोर आला की अजून तीन चेंडूंत परत येतो. तिकडचे गुण पुढच्या सीझनला.