एमएचटी-सीईटी : वर्षभराचा अभ्यास असा आखा

बारावी सुरू होतेय? पीसीएम गटवाल्यांनो, आधी पेपर समजून घ्या. एकूण 200 गुण : भौतिकशास्त्र 50, रसायनशास्त्र 50 आणि एकट्या गणिताचे 100! साधारण 80 टक्के भर बारावीवर, 20 टक्के अकरावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

📌 जून ते दिवाळी : धडा शिकवून झाला की त्याच आठवड्यात त्याचे बहुपर्यायी प्रश्न सोडवा.
📌 दिवाळीची सुट्टी : अकरावीचे निवडक धडेच सीईटीला असतात, ते उरकून टाका.
📌 डिसेंबरपासून : बोर्डाचा अभ्यास.
📌 बोर्डानंतर : घड्याळ लावून सराव पेपर. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे प्रश्नामागे 108 सेकंद!

चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा आणि दर रविवारी तीच आधी सोडवा. मनापासून शुभेच्छा!