विश्लेषण : ऊसतोडीचे स्थलांतर संगणकावर मांडायचे, तर सॉफ्टवेअर कोणते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. त्याआधी एक अंदाज हाती लागतो : कोणत्या गावातून किती कुटुंबे जाणार आणि किती मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय करावी लागणार. तो चुकला, तर मूल शाळा सोडून फडावर जाते. ‘एजंट-बेस्ड मॉडेलिंग’ अशाच अंदाजांसाठी वापरले जाते. त्याची बरीच साधने मोफत मिळतात. अडचण निवडीची आहे.

एजंट म्हणजे कोण?

या पद्धतीत सरासरी न काढता संगणकावर हजारो पात्रे उभी करतात आणि प्रत्येकाला वागण्याचे नियम देतात. बीडमध्ये हे पात्र एकटा माणूस नव्हे, तर ‘कोयता’. कारण मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. पाऊस किती, कापूस हाती लागला का, मागची उचल फिटली का, भाऊ कोणत्या टोळीत आहे, मुलांना सांभाळायला घरी आजी आहे का, यावर जाणे ठरते. एक निघाला की शेजारचाही निघतो. अकरा तालुक्यांच्या सरासरीत हे दिसत नाही.

मग कोणते साधन घ्यावे?

अमेरिकेतील उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेले ‘नेटलोगो’ शिकायला सर्वात सोपे. ते ब्राउझरमध्येही चालते, त्यामुळे महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुरुवात इथूनच करावी. गावे, रस्ते, तलाव यांचे नकाशे मॉडेलचा गाभा असतील, तर ‘गामा’ अधिक सोयीचे. पायथन येणाऱ्यांना ‘मेसा’ जवळचे वाटेल. ‘रिपास्ट’ची एक आवृत्ती महासंगणकांसाठी आहे, एका जिल्ह्यासाठी तिची गरज सहसा पडू नये.

वेग आणि रंगीत पडदा पाहून निवड करणे मात्र धोक्याचे. निर्णयाचा क्रम बघा. सगळे कोयते एकाच वेळी ठरवतात की एकापाठोपाठ, यावर उत्तर बदलू शकते. नेटलोगोची ‘आस्क’ ही आज्ञा पात्रांना दर वेळी वेगळ्या क्रमाने हाक मारते; मेसामध्ये क्रम आपण ठरवतो. हे माहीत नसेल, तर सॉफ्टवेअरची सवय गावाची सवय म्हणून अहवालात जाते.

खरे-खोटे कसे कळणार?

पडद्यावर ठिपके हलू लागले की मॉडेल खरे वाटायला लागते. म्हणून आधी मागचे वर्ष चालवून पाहावे. मराठवाड्यात २०१२ आणि २०१५ ला पावसाने दगा दिला होता. त्या वर्षांचा पाऊस भरून येणारा आकडा शाळांच्या हजेरीपटाशी ताडता येईल. नियमांची यादी मराठीत लिहून टोळीतल्या लोकांना वाचून दाखवली, तर उचलीचा हिशेब कुठे चुकला ते तिथेच कळते. एकच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवावे आणि एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे उत्तर द्यावे. वसतिगृहातील जागा त्यातल्या वरच्या आकड्यानुसार ठेवाव्यात.