रोमन लिपीत झाकलेला ‘न’

साधारण 2005 ते 2012 या काळात भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडचे मोबाइलवरचे निरोप बहुतेक रोमन अक्षरांत जायचे. त्यात इंग्रजीची हौस कमी, हिशेब जास्त. रोमनमध्ये एका एसएमएसात 160 अक्षरं मावत, देवनागरीत जेमतेम 70. शिवाय अनेक हँडसेटवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन उमटत. त्या लेखनाला ना ऱ्हस्व-दीर्घ होतं, ना अनुस्वार. एक सोय मात्र होती, ती तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. ‘पाणी’ आणि ‘पानी’ एकाच स्पेलिंगने जात. इकडच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही; भंडाऱ्याकडचा माणूस पाण्याला ‘पानी’ म्हणतो, डोळ्याला ‘डोरा’. त्याचा न रोमनने झाकून ठेवला होता.

मग स्मार्टफोन आले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि देवनागरी कीबोर्ड धानाच्या बांधीपर्यंत पोहोचला. न उघडा पडला. शहरात नोकरीला गेलेला किंवा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक पाठ केलेला कुणीतरी प्रत्येक व्हॉट्सॲप गटात असतोच. ‘नहराले पानी आला का?’ या प्रश्नाला ‘पानी नव्हे, पाणी’ असं उत्तर येऊ लागलं. रोवणी खोळंबलेल्याने यातून काय समजावं?

गंमत अशी की हे दुरुस्ती करणारे स्वतः ‘केलं’, ‘सांगितलं’ असंच लिहितात. तीही बोलीच. साहित्य महामंडळाच्या नियमांनी (1962 चे चौदा, 1972 ची चारांची भर) बोलण्यातला उच्चार दाखवायला त्या अनुस्वाराची मुभा दिली, म्हणून ती शुद्ध ठरली. झाडीच्या न ला तशी मुभा नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला, तिची संमेलनं भरली. छापील पानावर जी बोली मानाची, तीच व्हॉट्सॲपवर अशुद्ध कशी?

पुढे यंत्रानेच हात घातला. 2017 मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली. आता ‘पानी’ म्हटलं तरी पडद्यावर बहुधा ‘पाणी’ उमटतं, आणि रोमन कळांनी ‘डोरा’ लिहायला जावं तर सुचतो ‘दोरा’. भांडण मिटलं, पण मला ते काही फार आवडलेलं नाही.

अशुद्ध लेखनाने गटात कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. तारखेने झालेलं पाहिलं आहे. ‘उद्या खरेदी केंद्रावर काटा बंद राहील.’ वाक्य निर्दोष. पण ते फॉरवर्ड होत तिसऱ्या दिवशी पोहोचतं, आणि काटा चालू असताना माणूस पोती घरीच ठेवतो. ॲडमिनला हटकायचंच असेल तर ‘उद्या’ लिहिणाऱ्याला हटकावं.