धडाचा देहठसा
धडाचा देहठसा : जिवंत व्यक्तीच्या मानेपासून कमरेपर्यंतच्या भागाचा साचा घेऊन ओतलेली प्रतिकृती. शिल्पकला व चित्रपटांतील विशेष रंगभूषा यांसाठी ती तयार करतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पाण्याशी संयोग होताना उष्णता बाहेर पडते. त्याच्या जाड थराने त्वचा भाजू शकते. म्हणून त्वचेलगत अल्जिनेटाचा थर देतात. तपकिरी सागरी शैवलांपासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटाच्या चूर्णात कॅल्शियम सल्फेट मिसळलेले असते. पाणी घातल्यावर काही मिनिटांत त्याचे लवचिक जेल बनते व त्यात त्वचेवरील बारीक रेषाही उमटतात.

आडवे झाल्यास मांसल भाग पसरून आकार बदलतो. म्हणून व्यक्तीस उभे ठेवतात. अंगावरील केसांना आधी पेट्रोलियम जेली लावतात. अल्जिनेटाचा थर एकटा आकार टिकवू शकत नाही. त्यावर ओल्या प्लॅस्टर-पट्ट्यांचे कवच चढवितात. या वेळी श्वास उथळ ठेवावा लागतो. दीर्घकाळ निश्चल उभे राहिल्याने भोवळ येऊ शकते; म्हणून जवळ मदतनीस आवश्यक असतो. कवच घट्ट होताच साचा अलगद सोडवितात. अल्जिनेट वाळताना आक्रसते; त्यामुळे साच्यात त्वरित प्लॅस्टर ओततात. ते घट्ट झाल्यावर अल्जिनेट फाडून काढावे लागत असल्याने एका साच्यातून बहुधा एकच प्रत मिळते.