गुरुदक्षिणेची पावती

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कंपाउंडला एक बॅनर लागला. त्यावर तोंड झाकलेला, काळ्या कपड्यातला माणूस, पाठीला तलवार आणि खाली मजकूर : 'जपानी निंजा विद्या व कराटे. मुलींना सवलत. पोलीस भरतीत फायदा.' महिना तीनशे रुपये, पट्ट्याच्या परीक्षेचे वेगळे. आठवडाभरात चाळीस पोरे जमली.

शेजारच्या बाई कापूस वेचायला जातात. एका संध्याकाळी त्या पोरीला घेऊन आमच्याकडे आल्या. "भाऊ, काया पट्टा भेटला त पोरगी पोलिसात लागते म्हणे. पाचशे त देऊन बसली मी, आता परीक्षेचे दीड हजार मांगते. देऊ का?"

आम्ही कारकून माणूस. कागद पाहण्यातच उमर चालली. दुसऱ्या दिवशी सरांना भेटलो, त्यांनी आनंदाने फाईल उघडली. आत रंगीत प्रमाणपत्रे, जपानी अक्षरे, लाल-निळे गोल शिक्के. शिक्का कोर्टाजवळच्या दुकानात तासाभरात करून मिळतो, हे आमच्या ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक आहे. आम्ही फक्त विचारले, पोरांच्या पैशांची पावती देता का? सर हसले. म्हणाले, "फी नाही ती, गुरुदक्षिणा आहे." हा शब्द ऐकला की आपल्या लोकांना एकलव्याचा अंगठा आठवतो. आम्हालाही आठवला.

मग थोडा अभ्यास केला. निंजा हा सिनेमातला उड्या मारणारा माणूस नव्हे. जपानच्या इगा आणि कोगा भागातले हे लोक मुख्यतः हेरगिरी करीत. त्यांच्या विद्येचा 'बानसेनशुकाई' हा मोठा ग्रंथ १६७६ सालचा. पुढे देशात शांतता नांदली आणि हे काम ओसरत गेले. आज जगभर जे निंजुत्सु शिकवले जाते, त्यातले बरेचसे मासाकी हात्सुमी यांच्या बुजिनकान संस्थेतून किंवा तिच्यातून फुटलेल्या शाखांतून आले. हात्सुमींचे गुरू तोशित्सुगु ताकामात्सु १९७२ साली वारले. हात्सुमी स्वतःला तोगाकुरे परंपरेचे ३४वे वारस म्हणवत. त्या ३४ पिढ्यांतल्या जुन्या कड्या किती पक्क्या, यावर जाणकारांचा वाद आहे. खुद्द जपानात ही गत, तर दारव्हा रोडवरच्या फाईलचे काय सांगावे?

आमच्या पिढीने व्हिडिओवर 'ब्लडस्पोर्ट' पाहिला असेल. तो सिनेमा फ्रँक डक्स नावाच्या निंजा शिक्षकाच्या 'खऱ्या' पराक्रमावर काढला होता. १९८८ सालीच लॉस एंजेलिस टाइम्सने छापले की, गुप्त जागतिक स्पर्धेत जिंकल्याची त्यांची ट्रॉफी त्यांच्याच भागातल्या दुकानातून घेतल्याची पावती सापडली आहे. डक्स यांनी हे आरोप नाकारले. पण बातमीदाराने काय मागितले पाहा : पावती!

सरांनी विहारात आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या लोकांना फार आवडली. म्हणे ही सगळी विद्या भारतातून गेलेल्या बोधिधर्म भिक्खूने शाओलिनला शिकवली, म्हणून ती मुळात आपलीच. हे पटावे असे आम्हालाही वाटत होते. पण ज्या 'यिजिन जिंग' ग्रंथावर ही कथा उभी आहे, तो बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी, १६२४च्या सुमारास लिहिला गेल्याचे अभ्यासक मानतात. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३०च्या दशकातच ही कथा खोडून काढली. केवळ परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हे कालामांना ज्यांनी सांगितले, त्यांच्या नावावर तरी ऐकीव माल खपू नये.

कागद बाजूला ठेवून आम्ही मंडळाचे दोघे घेतले आणि तीन संध्याकाळी मैदानावर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी कवेलू फोडून झाली. मध्ये फटी ठेवून रचलेली कवेलू वरच्या धक्क्याने एकामागून एक फुटत जातात. खिळ्यांच्या फळीवर तर अंनिसचे कार्यकर्तेही झोपून दाखवतात. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या मारामाऱ्या : पोरगा हात उचलतो, सर वळतात, पोरगा आपणहून पडतो. तिसऱ्या दिवशी आमच्या सोबतच्या ऑटोवाल्या पोराने, तो लहानपणी आखाड्यात गेलेला, विचारले, "सर, मी मनगट धरतो, सोडवून दाखवता का?" सर गंभीर झाले. ही विद्या जीवघेणी आहे, खऱ्या माणसावर करता येत नाही, म्हणाले. मग पोरीवर कुणी खरोखर हात टाकला, तर तिने काय करायचे? आणि कुणावर करूनच पाहता येत नाही ती विद्या आपल्याला आली की नाही, हे तिला कळणार कसे?

याच जिल्ह्यात आम्ही ज्युदोचा एक वर्गही पाहिला. बाई शिकवतात. पहिले कित्येक दिवस नुसते पडायला शिकवले. मग दोन मुली भिडल्या. कोण पडेल हे आधी ठरलेले नव्हते. एका दांडग्या पोरीने बाईंनाच आपटले, बाई हसत उठल्या आणि तिला पुन्हा ये म्हणाल्या. आया गादीच्या कडेला बसून पाहत होत्या. बाई कुठे शिकल्या, कुणाकडे शिकल्या हे त्यांनी न विचारता सांगितले. तिथे जाऊन कुणीही खात्री करून घ्यावी. निंजा सरांचा मात्र एक नियम होता, पालकांनी फाटकाबाहेर थांबायचे. आम्ही आत बसलो ते मंडळाचे म्हणून. मायबापांनो, आपल्याला पाहू देत नाही तिथे पोर ठेवू नका. रात्रीचा 'खास सराव', बाहेरगावचे शिबिर, अंगाला विनाकारण हात लावणे, यातले काही पोराने सांगितले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, १०९८ हा नंबर फुकट लागतो.

आता पोलीस भरतीचे. शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व चार किलोचा गोळा फेकणे, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा, असे ५० गुण असतात. पट्ट्याला त्यात एकही गुण नाही. खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरे, पण ते अधिकृत स्पर्धेतल्या कामगिरीवर. ते प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून, म्हणजे आपल्यासाठी अमरावतीहून, पडताळून घ्यावे लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी लागलेल्यांवर गुन्हे दाखल झाल्याची प्रकरणे महाराष्ट्रात घडली आहेत. शिवाय संघटनेचा शिक्का खरा असला तरी तो आज चालतो का, हे विचारावे लागते. २०२० साली जागतिक कराटे महासंघाने भारताच्या तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेचीच मान्यता तात्पुरती काढली होती. यवतमाळात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन जावे, विचारावे, जमल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. विचारायला पैसे पडत नाहीत.

हे सगळे बाईंना सांगितले. त्यांनी दीड हजार दिले नाहीत. आधीचे पाचशे मागायला गेल्या तेव्हा सर म्हणाले, पावती दाखवा. पावसाळा लागायच्या आधीच बॅनर उतरला; सर आता दुसऱ्या तालुक्यात आहेत असे ऐकतो.

पोरगी हल्ली पहाटे शाळेच्या मैदानावर ८०० मीटर धावते, मोठा भाऊ मोबाईलवर वेळ मोजतो. गोळा अजून म्हणावा तेवढा जात नाही. खांदा दुखते म्हणते.