असं का होतं? : याणाचे सुळके कोणी कोरले?

उत्तर कन्नड जिल्ह्यात, कुमट्याजवळच्या दाट जंगलातून पायवाटेनं चालत गेलं, की झाडांआडून एकदम काळाकभिन्न कडा समोर येतो. हे याणा गावाचं भैरवेश्वर शिखर, उंची सुमारे १२० मीटर. शेजारचं मोहिनी शिखर ९० मीटरचं. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे कडे बेसॉल्टचे, बुरुजासारखे. मग हे सुळके इतके धारदार कसे?

कारण हा चुनखडक आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, कुजलेल्या पाल्याच्या मातीतून झिरपताना आणखी घेतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच सौम्य आम्ल तयार होतं. ते खडकाच्या उभ्या भेगांत शिरतं, चुनखडक विरघळवतं आणि वाहून नेतं. भेग रुंदावली की जास्त पाणी शिरतं, झीज वाढते. फार मोठ्या काळात भेगांच्या घळी होतात आणि मधला भाग सुळका होऊन उरतो.

याणातल्या देवळामागच्या अशा घळीतून चालताना खडकावर हात फिरवून पाहा. पाण्यानं झिजवलेल्या कडा, खाचा बोटांना लागतात. दर पावसाळ्यात हे कोरीवकाम पुढे सरकतं. तिथे आपली नावं खरवडण्याचा हक्क आपल्याला नाही.