घराला मार्क देण्याचं काम

इकडे इंग्लंडमध्ये घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं म्हटलं की आधी त्या घराला मार्क मिळवावे लागतात. ए ते जी अशा श्रेणी. ए म्हणजे घर उबदार ठेवायला खर्च कमी, जी म्हणजे पैसा सरळ छपरातून बाहेर. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात ना, तसंच, फक्त अख्ख्या घराला! या दाखल्याला ‘एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट’ म्हणतात. तो दहा वर्षं चालतो आणि तो देणारी माणसं म्हणजे ‘डोमेस्टिक एनर्जी असेसर’. लेस्टरमध्ये २०१९ पासून मी हेच काम करते.

मी मूळची कराडची, शिक्षण बी.कॉम. ‘इंजिनिअर नसताना तुला घेतलं कसं?’ असं माहेरी सगळे विचारतात. तर त्याला इंजिनिअरिंग लागत नाही. परीक्षा साधारण आपल्या बारावीच्या पातळीची. काही दिवसांचा वर्ग, मग पाच खरी घरं तपासून त्यांचे कागद सादर करायचे. लागते ती चिकाटी. शिडी लावून माळ्यावर चढायचं, तिथे लोकरीसारखा थर किती जाड अंथरलाय ते मोजायचं. बॉयलरचं मॉडेल टिपायचं. भिंतीच्या विटा बघायच्या. मधून मधून विटेची आखूड बाजू दिसली तर भिंत बहुधा भरीव, सगळ्या लांबच लांब दिसल्या तर आत पोकळी. जून २०२५ पासून नियम बदलले, आता एकेक खिडकी मोजावी लागते. विजेची बिलं मात्र आम्ही विचारत नाही. मार्क घराला असतात, घरातल्या माणसांना नाही. (हे काही यजमानांना पटवता पटवता चहा थंड होतो!)

आता पैशांचं सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे.

वर्ग लावायच्या आधी मी आमच्या गल्लीतल्या एका गुजराती बेनकडे गेले. त्या या कामात पहिल्यापासूनच्या. २००७ साली सरकारने घर विकणाऱ्यांना ‘होम इन्फर्मेशन पॅक’ नावाची कागदपत्रांची जुडी सक्तीची करायचं ठरवलं, हा दाखला त्यातलाच एक. असेसर हवेत म्हणून गावोगावी वर्ग निघाले. बेननी साठवलेले पैसे भरले. १ जूनला सुरुवात व्हायची, तर ऐन वेळी ती १ ऑगस्टवर ढकलली आणि तीही फक्त चार बेडरूमच्या नि त्याहून मोठ्या घरांसाठी. सगळ्या घरांचा नंबर लागेपर्यंत डिसेंबर उजाडला. शिकलेल्या बायका-माणसं हात चोळत बसली. पुढे घरांचा बाजारच पडला, आणि मे २०१० मध्ये नव्या सरकारने ती जुडी थांबवली. दाखला तेवढा टिकला. भाड्याच्या घरांनाही तो २००८ पासून लागू झाला होता, त्यावर बेननी तग धरला.

त्या मला म्हणाल्या, ‘क्लास कोण घेतं ते नंतर बघ. काम कोण देणार ते आधी बघ.’

मग आम्ही दोघींनी वही काढली. वर्गाचे हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे लाखाच्या वर रुपये. पण पास झालं म्हणजे झालं असं नाही. सरकारमान्य संस्थेकडे नाव नोंदवल्याशिवाय दाखला देता येत नाही. त्या नोंदणीची फी वेगळी, पोलीस पडताळणी वेगळी, विमा वेगळा. प्रत्येक दाखला सरकारी नोंदवहीत चढवायला थोडे पैसे. दरवर्षी दहा तास नवं शिकल्याचा पुरावा. शिवाय गाडी आणि पेट्रोल. एका वर्गवाल्यांच्या जाहिरातीत महिन्याची कमाई ठळक होती, यातलं एकही नव्हतं. तिथे मी गेलेच नाही.

कमाईची बाजू अशी, की दाखल्याचा दर कायद्याने ठरलेला नाही. घरमालक सत्तर-ऐंशी पौंड मोजतो तिथे मधल्या कंपनीमार्फत गेलं तर माझ्या हातात चाळीसच्या आतबाहेर. म्हणून मी घरं भाड्याने देणाऱ्या दोन स्थानिक एजंटांना आधी भेटले. २०१८ पासून भाड्याच्या घराला निदान ई श्रेणी हवी असा नियम आला, त्यामुळे त्यांना असेसर लागतातच. त्यांनी हो म्हटल्यावरच मी फी भरली. तरी २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने लोकांच्या घरात शिरणंच बंद झालं. बाजार उघडेपर्यंतचे ते दोन महिने विम्याचा हप्ता मात्र चुकला नाही. आठवड्याला आठ-दहा घरं झाली की माझं बरं चालतं. नवऱ्याच्या पगाराला टेकू, स्वतःचं खातं.

हे लिहायचं कारण माझी भाची. परवा तिचा फोन, ‘मावशी, इथे घरांच्या एनर्जी ऑडिटचा कोर्स निघालाय, करू का?’ भारतात ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी’ची एनर्जी ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षा आहे. पण ते काम मुख्यतः कारखाने आणि मोठे वीजग्राहक यांचं, आणि परीक्षेला बसायला शिक्षणाच्या, अनुभवाच्या अटी आहेत. घर विकताना असा दाखला हवाच, ही सक्ती आपल्याकडे नाही. मग पैसे देऊन घर तपासून कोण घेणार? मी तिला म्हटलं, फोन करून तीनच गोष्टी विचार. हे प्रमाणपत्र कोण मानतं? पुढे दरवर्षी काय भरावं लागतं? गेल्या बॅचमधल्या कुणाला काम मिळालं, तिच्याशी बोलू द्याल का?

तिने विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, सवलत शनिवारपर्यंतच आहे.’

शनिवार गेला. पैसे तिच्या पासबुकातच आहेत.